एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर काय करावं?

एआरटी (एचआयव्हीची औषधं) वेळेवर चालू आहे, व्हायरल लोडही (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आटोक्यात आहे, अशा वेळी यकृताकडे बघायचं राहूनच जातं. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणूही एचआयव्हीसारखेच रक्त, सुया, शरीरसंबंध किंवा आईकडून बाळाला या मार्गांनी पसरतात आणि वर्षानुवर्षं गप्प राहतात. कावीळ दिसेपर्यंत थांबू नका.

१. पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाल तेव्हा ग्रीन बुक (एआरटी केंद्रातून मिळालेली उपचारांची वही) उघडा. एचबीएसएजी (बीची तपासणी) आणि अँटी-एचसीव्ही (सीविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या अँटीबॉडीची तपासणी) यांचे निकाल त्यात नसतील तर तपासणी मागून घ्या. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून या आजारांची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत.

२. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आलं म्हणून लगेच घाबरू नका. ते मागे होऊन गेलेल्या संसर्गातही पॉझिटिव्हच राहतं. विषाणू आत्ता आहे की नाही, हे आरएनए तपासणीतून (ती रक्तात विषाणूच शोधते) कळतं. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) फार कमी असेल तर उलट होऊ शकतं: संसर्ग असूनही अँटीबॉडी निगेटिव्ह येते.

३. हिपॅटायटिस बी निघाला तर सगळ्यात जास्त जपायचं इथे. टीएलडी या एचआयव्हीच्या एकाच गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्रॅव्हिर अशी तीन औषधं असतात. त्यातली पहिली दोन बीलाही दाबून ठेवतात. त्यामुळे गोळी मनाने बंद केली तर एचआयव्ही तर वाढतोच, शिवाय यकृताला अचानक सूज येऊन जिवावर बेतू शकतं. लग्नकार्यात, गावी गेल्यावर डोस चुकवणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. किडनीमुळे किंवा व्हायरल लोड वाढल्यामुळे डॉक्टर औषध बदलत असतील तर सरळ विचारा, “डॉक्टर, मला बी आहे. नव्या औषधांत त्याच्यासाठी काय आहे?” नुसत्या लॅमिव्हुडीनवर बी फार काळ दबत नाही, तो औषधाला दाद देईनासा होतो.

४. हिपॅटायटिस सी मात्र पूर्ण बरा होतो. सोफोस्बुविरसोबत दुसरी एक गोळी, बहुतेकांना १२ आठवडे. सुरू करण्याआधी बीची तपासणी झालेली हवी, कारण सी हटला की दबलेला बी उसळू शकतो. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर तेही सांगा. त्याने सीच्या गोळ्यांचा असर कमी होतो. बरं झाल्यावर पुन्हा सी होऊ शकतो, तेव्हा सुई-सिरिंज आणि दाढीचं ब्लेड दुसऱ्याचं नको.

५. दारू बंद. काविळीची माळ गळ्यात घालायची तर घाला, ती निदान पोटात तरी जात नाही. पण गावठी काढे, झाडपाला नको. त्यातल्या काहींनी यकृत आणखी बिघडतं.

६. हिपॅटायटिस बी नसेल आणि प्रतिकारशक्तीही तयार झालेली नसेल तर लस घ्या. एचआयव्ही असताना साधा डोस कधी कमी पडतो, म्हणून डॉक्टर दुप्पट मात्रा देऊ शकतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासा. ती १० एमआययू/मिलीच्या खाली आली तर लसीचा कोर्स पुन्हा घ्यावा लागतो.