बिट उलटला तरी सर्किट चुकू नये म्हणून काय काय करायचं

इथे इंदूरला ओळखीतली इंजिनिअरिंगची पोरं छोट्या सॅटेलाइटचा बोर्ड करायला घेतात तेव्हा हमखास सांगतात, काका आम्ही टीएमआर (ट्रिपल मॉड्युलर रिडंडन्सी) टाकलंय, म्हणजे सगळं लॉजिक तीनदा केलंय आणि पुढे बहुमताचा निकाल देणारा व्होटर बसवलाय, आता रेडिएशनची काळजी नाही. काळजी आहे. तीनदा करणं हे अर्धंच काम, बिघडलेली कॉपी परत ताळ्यावर आणणं हे उरलेलं अर्धं, आणि नेमकं तेच राहून जातं, म्हणून सगळं एकदा नीट लिहितोय.

आधी होतं काय ते बघा. प्रोटॉन किंवा जड आयन चिपमधून गेला, किंवा न्यूट्रॉन सिलिकॉनच्या अणूवर आपटला, की आत चार्ज मोकळा होतो आणि तो फ्लिपफ्लॉपच्या, म्हणजे एक बिट साठवणाऱ्या सर्किटच्या, नोडवर पुरेसा जमला की 0 चा 1 होतो. चिप शाबूत असते, नुसती किंमत बदलते. हे फक्त अवकाशात होतं असंही नाही. 2003 साली बेल्जियममध्ये स्खारबेकच्या मतमोजणीत एका उमेदवाराला बरोबर 4096 मतं जास्त दिसली, म्हणजे 2 चा 12 वा घात, आणि सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही म्हणून कॉस्मिक किरणाने एक बिट उलटला असावा असं मानलं गेलं.

आता एक 8 बिटचा काउंटर घ्या, त्याच्या तीन कॉप्या, तिन्हीत 37 आहे. पहिल्या कॉपीचा 8 वाला बिट उलटला, तिथे 45 झाले. व्होटर दोघांचं ऐकून 37 देतो, छान. पण क्लॉकच्या पुढच्या ठोक्याला ती कॉपी 46 वर जाते आणि बाकीच्या दोघी 38 वर, म्हणजे चूक जन्मभर तशीच पुढे चालत राहते, आणि काही दिवसांनी दुसऱ्या कॉपीला फटका बसला की व्होटर बिनदिक्कत चुकीचा आकडा देतो. उपाय साधा आहे, प्रत्येक कॉपीने स्वतःच्या किंमतीत 1 मिळवायचा नाही, व्होटरच्या निकालात मिळवायचा. मग पुढच्याच क्लॉकला तिघींत 38. व्होटरही तीन ठेवा, प्रत्येक कॉपीचा आपला वेगळा, नाहीतर त्या एकट्या व्होटरच्या गेटवर आलेला क्षणिक पल्स तिन्ही कॉप्यांत एकदम घुसेल. रीसेटचंही तेच, तिन्हींना एकच असिंक्रोनस (क्लॉकची वाट न बघणारा) रीसेट असेल तर त्या लाइनवर एक बारीक ग्लिच आला की तिन्ही कॉप्या एकदम शून्य, आणि व्होटर बिचारा शून्यालाच बहुमत म्हणणार.

यानंतरचा घोळ टूलचा. सिंथेसिसला, म्हणजे कोडवरून गेट बनवणाऱ्या टूलला, तीन सारखे रजिस्टर (फ्लिपफ्लॉपचे गट) दिसले की ते दोन काढून टाकतं, कारण त्याच्या हिशोबाने ते फालतू आहेत. आरटीएलच्या, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या मूळ कोडच्या, सिम्युलेशनमध्ये हे कळत नाही. म्हणून त्या रजिस्टरांवर डोन्ट-टच किंवा तुमच्या टूलमध्ये जो काय अ‍ॅट्रिब्यूट असेल तो लावा, रीटायमिंग (टूलने फ्लॉप इकडून तिकडे सरकवणं) बंद करा, आणि रिपोर्ट उघडून फ्लॉप मोजा. वरच्या काउंटरचे 24 यायला हवेत. 8 आले तर तुमचं टीएमआर नुसतं कोडमध्ये आहे. लेआउटमध्ये पण तिन्ही कॉप्या लांब लांब ठेवा, एकच कण शेजारच्या दोन फ्लॉपना धरू शकतो.

स्टेट मशीनचा, म्हणजे ठरलेल्या टप्प्यांतून (स्टेटमधून) जाणाऱ्या सर्किटचा, हाच त्रास वेगळ्या रूपात. 5 स्टेट 3 बिटमध्ये बसवल्या की 3 कोड मोकळे राहतात, बिट उलटून मशीन तिथे गेली की अडकली. तुम्ही डिफॉल्टची ओळ लिहिली असेल तरी टूल म्हणतं इथे कोणी येतच नाही आणि ती ओळ उडवतं. सेफ स्टेट मशीनचं ऑप्शन चालू करा, आणि मोकळ्या कोडवरून कुठे जायचं ते विचार करून ठरवा, अँटेना उघडायच्या स्टेटमध्ये तर नक्कीच नको.

मेमरी तिप्पट करू नका, जागा वाया जाते. 32 बिटांमागे 7 चेक बिट (चूक ओळखायला जोडलेले जादा बिट) दिले की एक चूक दुरुस्त होते आणि दोन असतील तर कळतात. पण न वाचलेल्या पत्त्यावर चुका साठत जातात, तेव्हा रिकाम्या वेळात एकेक पत्ता वाचून, दुरुस्त करून परत लिहिणारं स्क्रबिंग हवंच. एसरॅमवाला एफपीजीए (आत हवं ते सर्किट बसवता येणारी चिप) असेल तर ते सर्किट ठरवणाऱ्या कॉन्फिगरेशन मेमरीचंही स्क्रबिंग करा, तिथला बिट उलटला की डेटा नाही, खुद्द सर्किटच बदलतं. माझं मत विचाराल तर पहिल्या बोर्डला फ्लॅशवाला एफपीजीए घ्या, ही डोकेदुखी बरीच कमी होते, फक्त टोटल डोस, म्हणजे साठत गेलेलं एकूण रेडिएशन, किती सोसतो ते डेटाशीटमध्ये बघून घ्या.

लॅचअपवर मात्र लॉजिकचा इलाज नाही. आतला पॅरासायटिक थायरिस्टर (चिपच्या रचनेत नको असताना आपोआप बनलेला स्विच) चालू झाला की करंट चढतच जातो, सप्लाय तोडल्याशिवाय थांबत नाही. सप्लाय लाइनवर करंट सेन्स, मर्यादेबाहेर गेला की कट, थोडं थांबून परत चालू, आणि हे सगळं त्या चिपच्या बाहेर.

राहिलं टेस्टिंग. कॅट रोडला राहणारी पोरं विचारतात की आरआरकॅट हे अ‍ॅक्सिलरेटरचं संशोधन केंद्र इतकं जवळ आहे, इंडस-2 समोर बोर्ड ठेवता येईल का. अहो तिथे सिंक्रोट्रॉनचे एक्स-रे, त्यांनी हळूहळू टोटल डोस साठतो, एकेक बिट उलटण्याची परीक्षा त्यातून होत नाही, त्याला जड आयन किंवा प्रोटॉन लागतात, जसे दिल्लीच्या आययूएसीच्या (इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर) पेलेट्रॉन अ‍ॅक्सिलरेटरमधून जड आयन मिळतात. पण त्याच्या खूप आधी घरी बसून फॉल्ट इंजेक्शन करा, म्हणजे मुद्दाम चूक घालून बघा. सिंथेसिसनंतरची नेटलिस्ट (गेट आणि त्यांच्या जोडण्यांची यादी) घ्या, आरटीएल नको, आणि चालू सिम्युलेशनमध्ये एकेका फ्लॉपची किंमत उलटवा. फोर्स करताना (सिम्युलेटरमध्ये किंमत बाहेरून लादताना) किंमत एकदाच टाकून सोडणारं डिपॉझिट वापरा, फ्रीझ नको, कारण फ्रीझने किंमत धरून ठेवली जाते आणि कॉपी सुधारली की नाही ते दिसतच नाही. आउटपुट बरोबर आलं एवढ्यावर पास देऊ नका, एक क्लॉक गेल्यावर तिन्ही कॉप्या पुन्हा जुळल्या का ते प्रत्येक फ्लॉपसाठी तपासा, स्क्रिप्ट लिहून रात्रभर लावून द्या.