विंडोजमध्ये फोल्डरचा व्ह्यू टिकत नाही? आधी फोल्डरचा प्रकार पाहा

फोल्डर उघडला की फाइलींची यादी हवी असते आणि समोर येतात मोठमोठी चित्रं. व्ह्यू बदलून घ्यावा, तर शेजारच्या फोल्डरात पुन्हा तेच. फाइल एक्सप्लोरर, म्हणजे विंडोजची फोल्डर दाखवणारी खिडकी, तुमची निवड विसरत नाही, पण ती त्या फोल्डरापुरतीच जपतो. बाकीचे फोल्डर आपापल्या प्रकारानुसार उघडतात आणि हा प्रकार विंडोज आपल्याला न विचारता ठरवतं. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी प्रकार, मग व्ह्यू, आणि सर्वांत शेवटी तो बाकीच्या फोल्डरांना लावणं. उलट क्रमाने केलेली मेहनत फुकट जाते.

प्रकार पाच आहेत: जनरल आयटम्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि व्हिडिओज. आतल्या फाइली पाहून विंडोज अंदाज बांधतं. प्रकार बदलायचा तर फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, 'कस्टमाइझ' टॅबवर जा आणि 'ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर' या यादीतून 'जनरल आयटम्स' निवडा. खालच्या चौकटीत टिक केली की आतले सगळे सबफोल्डरही त्याच प्रकारात जातात. मग 'अप्लाय'.

फोल्डर उघडायला वेळ लागतो, वर हिरवी पट्टी रेंगाळत राहते, या तक्रारीचं मूळही पुष्कळदा इथेच सापडतं. पिक्चर्स किंवा व्हिडिओज प्रकारात फोटो काढल्याची तारीख, व्हिडिओची लांबी असे कॉलम असतात आणि ते भरायला प्रत्येक फाइल उघडून आतली नोंद वाचावी लागते. जनरल आयटम्समधली नाव, तारीख, प्रकार आणि आकार ही माहिती डिस्कच्या यादीत तयारच असते. हजारो फाइलींच्या फोल्डरात हा फरक डोळ्यांना दिसतो.

आता व्ह्यू. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून ठेवून १ ते ८ यांपैकी एक आकडा दाबा: १ ला सर्वांत मोठी चित्रं, ५ ला साधी यादी, ६ ला डिटेल्स. रोजच्या कामाला डिटेल्ससारखा दुसरा व्ह्यू नाही. कॉलमच्या शीर्षकावर राइट क्लिक केलं की हवे ते कॉलम घालता-काढता येतात. 'मोअर'मध्ये शेकडो आहेत, पण चार-पाचच ठेवा. रुंदीसाठी दोन शीर्षकांमधल्या रेघेवर डबल क्लिक करा, सर्वांत लांब नावाइतका कॉलम आपोआप रुंद होतो. सगळे कॉलम एकदम बसवायचे तर कंट्रोल आणि नंबर पॅडवरचं अधिक चिन्ह. नंबर पॅड नसेल तर शीर्षकावरच्या राइट क्लिकमध्ये 'साइझ ऑल कॉलम्स टू फिट'.

शीर्षकावर क्लिक केलं की त्या कॉलमनुसार क्रम लागतो. शिफ्ट दाबून दुसऱ्या शीर्षकावर क्लिक केलं तर तो दुय्यम क्रम होतो. म्हणजे आधी 'टाइप' आणि मग शिफ्टसह 'नेम', की सगळ्या पीडीएफ एकत्र आणि त्यांच्यात नावांचा क्रम. तारखेचा कॉलम निवडताना थांबून विचार करा. फाइल कॉपी केली की 'डेट क्रिएटेड' कॉपी केल्याचा दिवस दाखवतं, 'डेट मॉडिफाइड' मात्र जुनंच राहतं. फोटोंसाठी 'डेट टेकन' चांगलं, पण मेसेजिंग अ‍ॅपमधून आलेल्या फोटोंत ही नोंद सहसा नसते, त्यामुळे ते सगळे एका टोकाला जाऊन बसतात.

डाउनलोड्समध्ये 'टुडे', 'लास्ट वीक' असे गट दिसतात ते नको असतील, तर रिकाम्या जागी राइट क्लिक करून 'ग्रुप बाय'मध्ये 'नन' निवडा. हे त्याच फोल्डरात जाऊन करायचं, दुसरीकडून लागू होत नाही.

मनासारखी मांडणी झाली की त्याच फोल्डरात असताना 'फोल्डर ऑप्शन्स' उघडा. विंडोज ११ मध्ये वरच्या तीन टिंबांत 'ऑप्शन्स' आहे, विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' टॅबच्या उजव्या टोकाला. तिथल्या 'व्ह्यू' टॅबवर 'अप्लाय टू फोल्डर्स' दाबा. हे बटण 'धिस पीसी'मध्ये उभं राहून दाबता येत नाही, ते फिकट दिसतं. खरा फोल्डर उघडा असावा लागतो. आणि ते फक्त त्याच प्रकारच्या फोल्डरांना लागू होतं. पिक्चर्स प्रकारासाठी वेगळा व्ह्यू हवा तर तशा एका फोल्डरात जाऊन हेच पुन्हा करा. फाइल 'ओपन' किंवा 'सेव्ह' करतानाची खिडकी आपली मांडणी निराळी लक्षात ठेवते, तिला इथे मोजू नका.

याच टॅबवर आहात तर 'हाइड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाइल टाइप्स'ची टिक काढूनच बाहेर पडा. ती टिक राहिली तर 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही प्रोग्रॅमची फाइल नुसती 'बिल.पीडीएफ' दिसते, आणि असल्या फाइली उघडूनच लोक फसतात.

एवढं करूनही व्ह्यू बदलत राहिले, तर विंडोजचा अंदाज बांधणंच बंद करावं लागतं. रजिस्ट्री एडिटर, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलण्याचं साधन, उघडा आणि 'एचकेईवाय करंट युजर'खाली सॉफ्टवेअर, क्लासेस, लोकल सेटिंग्ज, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, शेल असं उतरत जा. 'शेल' आधी 'एक्स्पोर्ट' करून ठेवा. ही पायरी गाळू नका. मग 'बॅग्ज' आणि 'बॅगएमआरयू' या दोन्ही की (रजिस्ट्रीतले फोल्डरसारखे कप्पे) डिलीट करा, म्हणजे फोल्डरांच्या जुन्या नोंदी पुसल्या जातील. आता नव्याने 'बॅग्ज' (Bags), तिच्यात 'ऑलफोल्डर्स' (AllFolders) आणि तिच्यात 'शेल' (Shell) अशा की तयार करा. इंग्रजी नावांत कुठेही मोकळी जागा सोडायची नाही. शेवटच्या कीमध्ये 'फोल्डरटाइप' (FolderType) नावाची स्ट्रिंग व्हॅल्यू घालून तिला 'नॉटस्पेसिफाइड' (NotSpecified) ही किंमत द्या. टास्क मॅनेजरमधून 'विंडोज एक्सप्लोरर' रीस्टार्ट करा. यानंतर फोल्डर जनरल आयटम्स म्हणून उघडतील. फोटोंच्या फोल्डरांना पिक्चर्स प्रकार 'कस्टमाइझ'मधून हाताने देता येतो.