पंक्चर कसं काढायचं आणि आमच्या ग्रुपमध्ये ते कसं काढतात

आमच्या पुण्यातल्या सायकल ग्रुपमध्ये चाळीसेक मेंबर आहेत, त्यातल्या तिघाचौघांना पंक्चर नीट काढता येतं आणि बाकीचे कडेला उभं राहून सल्ले देतात. नावं घेत नाही, रविवारी परत ह्यांच्याच मागे बोपदेव घाट चढायचाय.

मागचं चाक असेल तर आधी गिअर टाकून चेन सगळ्यात छोट्या चक्रीवर आणा, मगच चाक काढा, नाहीतर परत बसवताना चेनशी कुस्ती होते आणि जर्सीवर हाताचे ठसे. उरलेली हवा काढून टायर लिव्हरने, म्हणजे टायर उचकटायच्या पट्टीने, टायरची एकच बाजू सोडवा. स्क्रूड्रायव्हर घालू नका! एका काकांनी "आमच्या वेळी असंच काढायचो" म्हणत घातला आणि एका भोकाची तीन भोकं केली.

ट्यूब बाहेर आली की थोडी हवा भरून गालाजवळून फिरवा, रस्त्यावर ट्रकच्या आवाजात कानाला काही कळत नाही पण गालाला बारीक हवा लगेच लागते.

आता खरं काम, काटा शोधणं. खडकवासल्याजवळ आमच्यातल्या एकाने घाईत नवी ट्यूब टाकली, शंभर मीटर गेला, फुस्स. दुसऱ्याची उसनी टाकली, तीही गेली. तोपर्यंत बाकीच्यांची भजी खाऊन झाली होती. शेवटी ग्रुपमधल्या डेंटिस्ट मॅडमनी मोबाईलचा टॉर्च टायरमध्ये मारला, "दुखतंय कुठे?" विचारलं आणि भुवयांच्या चिमट्याने बाभळीचा काटा उपटला, बाहेरून नुसता काळा ठिपका, आत मात्र टोक वर आलेलं. म्हणून ट्यूब काढायच्या आधीच व्हॉल्व टायरवरच्या कुठल्या अक्षरापाशी आहे ते बघून ठेवा, म्हणजे ट्यूबचं भोक टायरला जुळवून नेमकी जागा सापडते, आणि आतून सुती फडकं फिरवा, काट्याला अडकतं. नुसतं बोट फिरवलं तर काटा सापडतो पण रक्तासकट.

पॅच लावायच्या आधी भोकाभोवती सँडपेपर घासा, सोल्युशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं काहीही करू नका. हे कुणालाच जमत नाही. ओल्यावर चिकटवलेला पॅच सरकतो, आमच्याकडे एक तर ट्यूबऐवजी सॉक्सवर निघाला. टायर परत चढवताना ट्यूबमध्ये किंचित हवा ठेवा, म्हणजे ती रिमखाली चिमटत नाही. बारीक प्रेस्टा व्हॉल्व असेल तर टोकावरचा छोटा नट सैल करून मग पंप लावा, एकजण नट बंद ठेवूनच घाम गाळत होता आणि शिव्या पंपाला.

जाता जाता दोन गोष्टी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना पाना पेडलच्या वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे फिरवला की पेडल सुटतं. आमच्या दोघा पैलवानांनी अर्धा तास जोर लावून ते अजून घट्ट केलं.

आणि चेनला तेल थेंबाथेंबाने टाका, स्प्रे मारू नका. एकाने मारला, ब्रेकच्या चकतीवर म्हणजे डिस्कवर उडाला, मग बोपदेव उतरताना ब्रेक लागेना पण किंचाळत मात्र होता, कोंढव्यापर्यंत कुत्री मागे. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, ब्रेक पॅड नवेच घ्यावे लागले.