केळीच्या सौद्याचा करारनामा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेताना

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीच्या बागेचा सौदा अजूनही बहुतेक वेळा शब्दावर होतो. व्यापारी बाग पाहतो, भाव ठरतो, थोडी रक्कम हातावर ठेवली जाते आणि कापणीचा दिवस तोंडीच ठरतो. वाद झाला की मग दोन्ही बाजू कागद शोधू लागतात. अलीकडे काही तरुण शेतकरी व व्यापारी चॅटजीपीटी, जेमिनी यांसारख्या साधनांकडून करारनामा लिहून घेतात आणि तपासण्यासाठी माझ्यासारख्या वकिलाकडे आणतात. त्यांतले काही मसुदे खरोखर बरे असतात. दिसायला मात्र सगळेच बरे असतात, आणि खरी अडचण तीच आहे.

म्हणून पहिले काम मोबाइल बाजूला ठेवून करायचे आहे. सौद्यात जे बोलणे झाले ते एका कागदावर आपल्या शब्दांत उतरवून काढावे: बाग कोणत्या मौजातील, कोणत्या गटातील, झाडे किती, पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग की सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग, पहिल्या लागवडीची नवती की पिलांवर धरलेली पिलबाग, भाव आजचा धरायचा की कापणीच्या दिवशी जाहीर होणारा, आणि तो कोणी जाहीर केलेला, वजन कोणत्या काट्यावर, घडाच्या दांड्याच्या वजनापोटी घट किती, कापणीची मजुरी आणि गाडीभाडे कोणाकडे, पैसे किती दिवसांत आणि रोख की बँकेतून. सातबाऱ्यावर भावाबहिणींची नावे सामाईक असतील तर सही कोण कोण करणार, हेही इथेच ठरवावे. यातील एखादी गोष्ट तुम्ही सांगितली नाही, तर साधन ती जागा सहसा रिकामी सोडत नाही, स्वतःच्या मनाने भरते. एका मसुद्यात रक्कम ‘३० दिवसांच्या आत’ देण्याचे कलम आले होते. प्रत्यक्षात बोली आठ दिवसांची होती, आणि सही करेपर्यंत ते दोघांच्याही लक्षात आले नव्हते.

त्यानंतर साधनाला सूचना द्यावी, आणि ती ‘केळी विक्रीचा करार तयार कर’ इतकी आखूड नसावी. मी साधारण अशी सूचना देतो: ‘महाराष्ट्रातील शेतकरी (लिहून देणार) आणि मध्य प्रदेशातील व्यापारी (लिहून घेणार) यांच्यात उभ्या केळीबागेच्या विक्रीचा करारनामा मराठीत लिही. खाली दिलेल्या अटींपलीकडे एकही अट स्वतःहून घालू नकोस. जिथे माहिती अपुरी आहे तिथे चौकोनी कंसात प्रश्न लिही. कोणत्याही कायद्याचे कलम उद्धृत करू नकोस.’ चौकोनी कंसाची ही एक ओळ सगळ्यात उपयोगी आहे, कारण तिच्यामुळे साधन अंदाज बांधण्याऐवजी तुम्हालाच विचारते. नावे, आधार क्रमांक, बँक खाते आणि गट नंबर मात्र या सूचनेत घालू नयेत. तिथे ‘पक्ष क’ आणि ‘पक्ष ख’ पुरेसे आहे. खरी माहिती शेवटी आपल्या संगणकावर भरावी.

आता भाषेचे. ही साधने आपल्या भागातले शब्द प्रमाण मराठीच्या चष्म्यातून वाचतात. माझ्याकडे आलेल्या एका मसुद्यात ‘कांदेबाग’ या शब्दाचा अर्थ साधनाने सरळ कांद्याचे पीक असा लावला होता आणि मालाच्या वर्णनात ‘कांदा, प्रति क्विंटल’ असे लिहून ठेवले होते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या केळीला आपण कांदेबाग म्हणतो, हे त्याला कोण सांगणार? व्यापाऱ्याने तो कागद न वाचता सही करून परत पाठवला होता, ही गोष्ट वेगळी. यावर उपाय म्हणजे करारनाम्याच्या सुरुवातीलाच व्याख्यांचा एक परिच्छेद घालणे आणि त्यात कांदेबाग, नवती, पिलबाग, दांड्याची घट हे शब्द एकेका वाक्यात स्पष्ट करणे. त्याचा फायदा साधनाला होतो आणि उद्या कागद वाचणाऱ्या न्यायाधीशांनाही होतो, कारण तेही खान्देशातलेच असतील असे नाही.

पैशाच्या शब्दांवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. इसार, आगाऊ रक्कम आणि अनामत हे तीन शब्द साधन अदलाबदल करून वापरते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठा फरक आहे. इसार हा सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून दिला जातो आणि देणाऱ्यानेच सौदा मोडला तर करारातील अटीनुसार तो जप्त होऊ शकतो. आगाऊ रक्कम हा किमतीचाच एक भाग असतो आणि ती सहसा परत करावी लागते, समोरच्याला झालेली नुकसानभरपाई त्यातून वजा होईल तेवढीच. त्याचप्रमाणे ‘करार मोडल्यास पाच लाख रुपये दंड’ असे धाक दाखवणारे कलम साधन आनंदाने लिहून देते, परंतु भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाईच देते आणि करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. तेव्हा आकडा खऱ्या नुकसानीच्या जवळपास ठेवलेला बरा.

मे-जूनच्या वादळात आडव्या पडलेल्या बागा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. साधनाने लिहिलेल्या दैवी आपत्तीच्या कलमात युद्ध, महामारी, दहशतवाद असे सगळे येते; पण वाऱ्याने बाग पडली तर घेतलेल्या इसाराचे काय, पडलेल्या घडांपैकी विकण्याजोगा माल कोणी उचलायचा आणि कोणत्या भावाने, याचा त्यात उल्लेखही नसतो. मालविक्री कायदा, १९३० नुसार तोडून द्यायचे ठरलेले उभे पीकही ‘माल’ या व्याख्येत येते आणि वेगळे ठरले नसेल तर मालकी ज्याच्याकडे असेल त्याच्यावर नुकसानीचा भार पडतो. म्हणून मालकी कोणत्या क्षणी बदलते, घड कापल्यावर, काट्यावर वजन झाल्यावर की गाडी भरल्यावर, हे एका वाक्यात लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. हे वाक्य मी कधीही साधनावर सोडत नाही. स्वतः लिहितो आणि मग मसुद्यात बसवायला सांगतो.

कायद्यांच्या उल्लेखांबाबत मी वर ‘कलम उद्धृत करू नकोस’ असे सांगितले, त्याला कारण आहे. शेतमाल खरेदीच्या करारात ही साधने कधीकधी २०२० च्या शेतीकरार कायद्याचा आधार देतात. तो कायदा इतर दोन कृषी कायद्यांबरोबर २०२१ मध्ये रद्द झाला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ आला, तरी मसुद्यात १८७२ च्या पुरावा कायद्याचे नाव येते. वकीलही यातून सुटलेले नाहीत. चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले न्यायनिवाडे सादर केल्याबद्दल न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने २०२३ मध्ये दोन वकिलांना त्यांच्या कार्यालयासह ५,००० डॉलरचा दंड केला. म्हणून मसुद्यात एखादे कलम आलेच, तर त्या कायद्याचा मूळ मजकूर उघडून ते वाचावे, नाहीतर काढून टाकावे.

न्यायक्षेत्राचे कलम दोन ओळींचे असते, पण रावेरचा शेतकरी आणि बऱ्हाणपूरचा व्यापारी असेल तर सगळा खटला त्या दोन ओळींवर फिरतो. साधन सवयीने ‘मुंबई येथील न्यायालय’ लिहून मोकळे होते. करार जिथे झाला, माल जिथे दिला किंवा प्रतिवादी जिथे राहतो अशा, मुळातच अधिकार असलेल्या न्यायालयांपैकी एकाची निवड पक्षांना करता येते; ज्या न्यायालयाला अधिकारच नाही त्याला तो करारातून देता येत नाही. व्यापारी हिंदी प्रत मागत असेल तर दोन प्रतींपैकी कोणती ग्राह्य धरायची, तेही इथेच लिहावे.

मसुदा तयार झाल्यावर साधनालाच विरुद्ध बाजूचा वकील व्हायला सांगावे. ‘तू व्यापाऱ्याचा वकील आहेस, या करारातून पैसे न देता निसटण्याच्या पाच वाटा दाखव’ असे विचारले की ते चटकन पळवाटा काढून देते, आणि माझ्या अनुभवात त्यांतल्या दोन-तीन तरी खऱ्या असतात. मग हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारावा. दुरुस्त मसुदा मात्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावा, कारण एक कलम सुधारताना साधन दुसरीकडचा आकडा किंवा तारीख गुपचूप बदलून ठेवते.

मुद्रांकाबाबत साधन अजूनही शंभर रुपयांचा कागद सुचवते. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच दस्तांचे शंभर व दोनशे रुपयांचे शुल्क वाढून किमान ५०० रुपये झाले आहे. अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त, कमी पडलेले शुल्क आणि दंड भरेपर्यंत, पुराव्यात घेतला जात नाही. केळीऐवजी जळगावातल्या गाळ्याचा भाडेकरार करायचा असेल तर नोंदणी टाळता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने तो लेखी आणि नोंदणीकृत असणे मालकाची जबाबदारी ठरवली आहे. रक्कम मोठी असेल, वर्षानुवर्षांचा पुरवठा असेल किंवा जमीन त्यात गुंतलेली असेल, तर सहीपूर्वी मसुदा वकिलाला दाखवावा.

सह्या घेताना प्रत्येक पानावर दोन्ही पक्षांची सही, शेवटच्या पानावर दोन साक्षीदार आणि खाडाखोडीच्या बाजूला आद्याक्षरे घ्यावीत. काट्याच्या पावत्या आणि बँकेतून आलेल्या रकमांच्या नोंदी त्याच फाइलला लावाव्यात, आणि साधनाशी झालेल्या संवादाची प्रतही जपून ठेवावी. एखादे कलम नेमके कोणत्या बोलण्यातून आले, हे सहा महिन्यांनी आठवत नाही.