वातावरणाचे थर: पेपरात या चुका टाळा

पेपर तपासताना थरांची नावं बहुतेकांची बरोबर सापडतात. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, दलांबर, बाह्यांबर, पाढ्यासारखी पाठ. गाडं अडतं ते तापमानापाशी.

"सर, वरतं गेलं का सूर्य जवळ येते, मंग गरम व्हायले पायजे ना?" हा प्रश्न वर्गात आला की मी चिखलदऱ्याचं नाव काढतो. मे महिन्यात अमरावतीत जीव नकोसा होतो, अन् घाट चढलं की बरं वाटतं. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर. त्यापुढे एका किलोमीटरची काय पत्रास? उन्हानं आधी जमीन तापते, जमिनीमुळे हवा. म्हणून तपांबरात दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली ऊन तापत असताना मार्चात गारा पडतात त्या याचमुळे. चार-पाच किलोमीटरवर पाणी गोठेल इतकी थंडी असते.

पण हा नियम वरपर्यंत ओढू नका. स्थितांबरात ओझोन अतिनील किरण शोषतो, त्यामुळे वर जावं तसं तापमान वाढतं. मध्यांबरात पुन्हा घटत उणे 90 अंशांच्या आसपास, दलांबरात पुन्हा चढ. आलेख नागमोडीच यायला हवा. आणि ओझोनला सहावा थर करू नका, तो स्थितांबरातच असतो. सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाखाली गोळा केला तर जेमतेम 3 मिलिमीटर जाडीचा होईल!

'दलांबरात 1000 अंशांहून जास्त तापमान, म्हणून तिथे माणूस भाजेल' हेही दरवर्षीचं. चुलीतली ठिणगी आधणाच्या गंजापेक्षा कितीतरी गरम असते, पण हात पोळतो तो आधणानं. दलांबरातले कण वेगवान, पण फार विरळ.

आकृतीत सगळे थर सारख्या जाडीचे काढले की माझा लाल पेन चालतो. अमरावती-अकोला रस्ता उभा केला असं समजा. बडनेरा सोडून सात-आठ किलोमीटर गेलात की तपांबर संपलं (आपल्याकडे, ध्रुवाजवळ ते आठेक किलोमीटरच असतं). मूर्तिजापूरजवळ स्थितांबर संपतं, बोरगाव मंजूच्या आसपास मध्यांबर. अकोल्याला पोचलात की जवळजवळ 100 किलोमीटर, म्हणजे अवकाशाची मानलेली वेस. हवेचा तीन चतुर्थांशांहून जास्त भार मात्र पहिल्या टप्प्यातच.

राहिलं मध्यांबर. 'इथे सर्व उल्का जळून जातात' असं लिहिणाऱ्यानं लोणारला जाऊन यावं, 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर काही आपोआप पडलेलं नाही. 2 एप्रिल 2022 ला, ऐन पाडव्याच्या संध्याकाळी, आकाशात जळत जाणारे गोळे पाहून आपल्याकडे लोक उल्काच म्हणत होते. पण सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सापडलं ते धातूचं भलं मोठं कडं, रॉकेटचं. तेव्हा उत्तरात 'बहुतेक उल्का' लिहा. 'बहुतेक' गाळलं की अर्धा गुण मी कापतोच.