पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही: घरी जोडलेला कॉम्प्युटर तपासायला शिकताना

गोव्यातल्या फोंड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करताना माझ्याकडे घरीच जोडलेली बरीच मशीन येतात. कोणी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत असतो, कोणी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, कोणाचा शिपवरचा भाऊ सुट्टीवर येताना ग्राफिक्स कार्ड घेऊन आलेला असतो. तक्रार मात्र एकच: "दादा, चालूच होत नाही."

या कामाला नव्याने लागणाऱ्यांचा हात अशा वेळी लगेच दुसऱ्या रॅमकडे किंवा दुसऱ्या एसएमपीएसकडे, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, जातो. भाग बदलत बसणे म्हणजे तपासणी नव्हे. मशीन कुठपर्यंत पोचते आणि कुठे अडते, हे आधी ठरले पाहिजे. बटण दाबल्यावर काहीच हलत नाही, पंखा क्षणभर फिरून थांबतो, पंखे फिरत राहतात पण पडदा काळा, किंवा बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) दिसते आणि विंडोज येत नाही. या चार तक्रारींची कारणे वेगवेगळी असतात. शेवटच्या तक्रारीत तर एसएमपीएस, रॅम, प्रोसेसर यांनी आपले काम केलेले असते, शोध डिस्ककडे आणि बूटच्या सेटिंगकडे न्यायचा.

त्याआधी एक प्रश्न विचारा: हे मशीन कधी चालले होते का? कधीच चालले नसेल तर जोडणीत काही राहून गेले आहे किंवा भाग एकमेकांना चालत नाहीत. चालत होते आणि थांबले, तर वीज, ओल, धूळ किंवा बिघडलेला भाग. या एका उत्तराने अर्धी वाट कमी होते.

आपल्याकडे वीज आणि ओल यांना जरा जास्तच मान द्यावा लागतो. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, आणि किनाऱ्याजवळच्या घरांत त्यात खारी हवा मिसळते. महिनाभर बंद राहिलेले मशीन चवथीला घरी आल्यावर सुरू केले आणि डिस्प्ले आला नाही, तर मी आधी रॅम काढून तिचे सोनेरी संपर्क पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसतो, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करतो. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. मशीन बाहेरून आणल्यावर ओलसर वाटले तर तासन्‌तास कोरड्या खोलीत ठेवा, लगेच प्लग लावू नका.

अर्थिंगचेही तसेच. जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी पडली की जुन्या घरांचे अर्थिंग कमकुवत होते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात असे कोणी सांगितले तर ते थट्टेवारी नेऊ नका. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थ तुटलेला असेल तर बॉडीवर मुख्य विजेच्या साधारण निम्मा दाब मीटरवर दिसतो. सॉकेटवर मल्टीमीटर लावून बघा: फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर काही व्होल्ट. हे आकडे बसत नसतील तर कॉम्प्युटर बाजूला ठेवून वायरमनला बोलवायला सांगा. आणि जुना एसएमपीएस असेल, मागे ११५ आणि २३० लिहिलेला लाल स्विच असेल, तर तो २३० वर आहे ना हे प्लग लावण्यापूर्वी बघा. ११५ वर राहिला तर एसएमपीएस उडतो.

बटण दाबून काहीच होत नसेल तर मागचा स्विच चालू आहे ना, तिथून सुरुवात करा. मग मदरबोर्डवर पॉवर स्विचच्या दोन पिना पुस्तिकेतून शोधून स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. पंखे फिरले तर कॅबिनेटचे बटण किंवा त्याची तार खराब, बाकी काही नाही. नाही फिरले तर २४ पिनांचा जोड दाबून बघा. तो पुरता बसायला बराच जोर लागतो आणि नवखे लोक बोर्ड तुटेल म्हणून अर्ध्यावर सोडतात. त्याहून जास्त विसरला जातो तो प्रोसेसरचा ८ पिनांचा जोड, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला. तो नसेल तर पंखे फिरू शकतात, प्रोसेसर मात्र उठत नाही.

एसएमपीएस वेगळा तपासायचा तर सगळे जोड काढा. जांभळ्या तारेवर, म्हणजे ९ क्रमांकाच्या पिनेवर, मशीन बंद असतानाही ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. मग हिरवी तार, म्हणजे १६ क्रमांकाची पिन, काळ्या तारेशी जोडा. सगळ्याच तारा काळ्या असतील तर पुस्तिकेतली आकृती बघून मोजा, अंदाजाने तार लावू नका. पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. पंखा न फिरणे हा पुरावा नाही, कारण काही एसएमपीएसचा पंखा हलक्या कामाला फिरतच नाही. उलट आकडे बरोबर आले तरी भार पडल्यावर तो कोसळू शकतो, म्हणून शेवटचा निकाल दुसरा चांगला एसएमपीएस लावूनच द्यायचा. एसएमपीएसचे झाकण उघडू नका. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारलेले राहतात.

एका गोष्टीबद्दल मी नवीन मुलांना फार कडकपणे सांगतो. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणाऱ्या, एसएमपीएसच्या केबल एका कंपनीच्या दुसऱ्याला लावायच्या नाहीत. जोड तंतोतंत बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क जळते आणि त्यातले घरचे फोटो जातात. हा तोटा कुठल्याही वॉरंटीत भरून येत नाही.

पंखा फिरून लगेच थांबत असेल तर शॉर्ट शोधा. मदरबोर्डखाली, जिथे भोक नाही तिथे, जास्तीचा पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारा खुंट, राहिलेला असतो. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, ती वीज वाहून नेऊ शकते. बोर्डावर फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस. ग्राफिक्स कार्डही प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्ले नसेल तरच. बाहेर चालले आणि कॅबिनेटमध्ये नाही, तर दोष कॅबिनेटमध्ये बसवण्यात आहे.

पंखे फिरतात आणि डिस्प्ले नाही, अशी मशीन माझ्याकडे सर्वांत जास्त येतात. पहिले बघायचे ते मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की मदरबोर्डात. नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरांना आणि एएमडीच्या रायझन ५ ५६०० सारख्यांना स्वतःचा डिस्प्ले नसतो, त्यामुळे बोर्डाच्या जोडात केबल घालून काही दिसणार नाही. मग बोर्डावरचे छोटे दिवे बघा: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. जो दिवा पेटून राहतो तिथे मशीन अडलेले असते. रॅमचा दिवा असेल तर एकच रॅम, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन्ही कुलपे टिक वाजेपर्यंत दाबून. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू होताना रॅमचे ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाने रॅमशी जुळवून घेणे, काही मिनिटे चालते. पडदा काळा राहतो आणि घाबरून लोक बटण दाबून बंद करतात. दहा-पंधरा मिनिटे थांबायला सांगा.

नवीन प्रोसेसर आणि दुकानात पडून राहिलेला बोर्ड अशी जोडी असेल तर बायोसची आवृत्ती संशयित धरा. रायझन ५००० मालिका जुन्या बायोसच्या बी४५० बोर्डावर उठत नाही. दोन्ही भाग निर्दोष, तरी मशीन मेलेले. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचे बटण असेल तर प्रोसेसर चालत नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येते. नसेल तर त्या बोर्डाला चालणारा जुना प्रोसेसर तात्पुरता लावावा लागतो. सॉकेट उघडलेच तर टॉर्च तिरका धरून पिना बघा. एएम४ सॉकेटच्या पिना प्रोसेसरवर असतात, एएम५ आणि एलजीए१७०० च्या बोर्डावर. सॉकेटचे प्लॅस्टिक झाकण ग्राहकाने टाकून दिले नाही ना, तेही विचारा. बोर्ड वॉरंटीला पाठवताना ते मागतात.

मशीन चालू झाले की कॅबिनेट बंद करण्याची घाई नको. एकेक भाग परत जोडा, दर वेळी सुरू करून बघा. तारीख दर वेळी मागे जात असेल तर सीआर२०३२ सेल बदला. रॅमचा जास्त वेगाचा प्रोफाइल त्यानंतरच लावा आणि रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. सकाळी एकही चूक दाखवली नसेल तर ग्राहकाला फोन करा, आणि नेताना अर्थिंगचे त्याला पुन्हा एकदा सांगा.