सेकंड लाईफमध्ये आपलं नाव मागे ठेवून कसं फिरायचं

सेकंड लाईफ म्हणजे इंटरनेटवरचं एक थ्रीडी आभासी जग, ज्यात तुम्ही स्वतःचं एक पात्र घेऊन फिरता; २००३ पासून चालू आहे, लिंडन लॅब या अमेरिकन कंपनीचं. ऐकून वाटतं की गेम असेल, पण त्यात जिंकायचं-हरायचं काहीच नाही, लेव्हल नाही, फिरा, बसा, गप्पा मारा, घरं बांधा. रस्ते, समुद्र, रेल्वे, डान्सचे क्लब, जवळजवळ सगळं तिथल्या लोकांनीच बनवलंय. साधं अकाउंट फुकट मिळतं, थोडा बरा लॅपटॉप असला की झालं.

मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू, तिथे आडनाव कोणी विचारत नाही. आपल्याकडे नवीन माणूस भेटला की आधी आडनाव, मग गाव कुठलं, मग "म्हणजे तुम्ही अमक्यातले का", आणि समोरच्याचा सूर तिथेच ठरतो. इथे तुम्ही काय बोलता आणि कसं वागता एवढ्यावरच लोक तुम्हाला ओळखतात, आणि हे एकदा अनुभवून बघाच असं मी मनापासून सांगेन.

अकाउंट काढताना घाई करू नका. वेगळा ईमेल घ्या आणि युजरनेम असं ठेवा जे तुम्ही इन्स्टावर किंवा दुसऱ्या कुठल्या गेममध्ये कधीच वापरलेलं नाही, कारण एखाद्याला उत्सुकता वाटली की तो पहिलं तेच नाव गूगल करतो. डिस्प्ले नेम, म्हणजे पात्राच्या डोक्यावर दिसणारं नाव, नंतर फुकटात बदलता येतं पण युजरनेम बदलायला पैसे पडतात, त्यामुळे ते नीट विचार करूनच टाका.

आत गेल्यावर आधी दोन गोष्टी हाताला बसवून घ्या. पेज अप दाबून धरलं की उडता येतं, आणि ऑल्ट दाबून माऊस ओढला की कॅमेरा फिरतो, म्हणजे तुम्ही जागेवरच उभे आणि नजर मात्र पलीकडच्या भिंतीवरची नक्षी बघतेय, हे जमलं की फिरण्याची मजाच बदलते. मग डेस्टिनेशन गाईड, म्हणजे बघण्यासारख्या जागांची यादी, उघडा आणि जिथे मन जाईल तिथे टेलिपोर्ट व्हा, म्हणजे एका क्लिकवर थेट पोचा. एक रीजन, म्हणजे तिथल्या नकाशाचा एक चौकोनी तुकडा, २५६ बाय २५६ मीटरचा असतो, आणि असे कितीतरी एकाला एक जोडून ब्लेक सी नावाचा समुद्र बनलाय, तिथे शिडाची होडी घेऊन निवांत भटकता येतं. हेटेरोसेरा नावाच्या खंडावर रेल्वे आहे, ती तर चुकवूच नका.

चॅटमध्ये साधं टाईप केलेलं २० मीटरपर्यंतच्या सगळ्यांना दिसतं, खाजगी बोलायचं असेल तर आयएम, म्हणजे थेट त्या माणसाला मेसेज, करा.

आता ओळख कुठून गळते ते, हे मात्र नीट वाचा. व्हॉइस चॅट चालू केलं की आवाज, वय, बोलण्याची ढब सगळं बाहेर, मी तरी सुरुवातीला ते बंदच ठेवायला सांगेन. दुसरं म्हणजे वेळ, तिथलं घड्याळ कॅलिफोर्नियाच्या वेळेवर चालतं, तिकडे संध्याकाळची गर्दी होते तेव्हा आपल्याकडे सकाळ असते, आणि तुम्ही रोज कधी येता यावरून देशाचा अंदाज लोक सहज लावतात. म्हणून सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीमध्ये जाऊन ऑनलाइन आहात हे फक्त मित्रांना आणि ग्रुपवाल्यांनाच दिसेल असं सेट करा. तिसरं, ज्याच्याकडे बरेच जण लक्षच देत नाहीत, एखाद्या जागेत गाणी किंवा व्हिडिओ लागतो तो बाहेरच्या सर्व्हरवरून येतो आणि त्या सर्व्हरला तुमचा आयपी, म्हणजे तुमच्या इंटरनेट कनेक्शनचा पत्ता, दिसतो, तर मीडिया आपोआप सुरू होणं बंद करून टाका आणि विश्वासाच्या जागीच लावा. प्रोफाईलमध्ये खऱ्या आयुष्यासाठी वेगळा टॅब असतो तो सरळ रिकामा सोडा.

आणि हो, ही अनामिकता बाकीच्या रहिवाशांपुरतीच. लिंडन डॉलर, म्हणजे तिथलं चलन, कमावून ते खऱ्या पैशात काढायचे असतील तर कंपनीला खरी ओळख द्यावीच लागते.

दुसऱ्याची खरी माहिती त्याच्या परवानगीशिवाय सांगणं तिथल्या नियमांत बसत नाही, त्यामुळे कोणी फोटो, शहर, नोकरी असं खोदून विचारायला लागलं तर "मी इथे याबद्दल बोलत नाही" एवढं पुरे, कारण द्यायची गरज नाही. तरी ऐकलं नाही तर नावावर राईट क्लिक करून ब्लॉक करा, आणि आवडलेल्या दोनचार जागांचे लँडमार्क, म्हणजे त्या जागांचे बुकमार्क, आधीच सेव्ह करून ठेवा म्हणजे तिथून लगेच निघता येतं.